नवव्या पिंपाची साक्ष

"आला कोरडा गं वारा, तेला डोळा लागला..."

आजीचा आवाज. सापेलेच्या बाजारात, हवेत धूळ तरंगत असलेल्या सकाळी, ती दिव्याच्या तेलाचे डबे मांडून गात बसायची. हरमत्तानचे दिवस असायचे. उत्तरेचा तो कोरडा वारा सुटला की शेजारच्या बायकांची तेलं डब्यात थिजायची, करवंटीनं खरवडून विकावी लागायची. आजीचं तेल मात्र धारेनं वाहायचं. गाण्याला दुसरी ओळही होती. ती केसिएना उमुकोरोला चाळीस वर्षांत कधी आठवली नाही. दर हरमत्तानात पहिली ओळ न चुकता यायची आणि दुसरीच्या उंबऱ्याशी आवाज थांबायचा.

आजही तो तसाच थांबला, आणि दारावर टकटक झाली.

वॉरी शहरात, एका शिंप्याच्या दुकानावर, केसिएनाची खाजगी तपासाची खोली होती. दार तिच्या सहकाऱ्यानं उघडलं. मुदियागा पोलिसात हवालदार होता. आता निवृत्त झाला होता, पण भूक निवृत्त झाली नव्हती. त्याच्या हातात अर्धं भाजलेलं केळं होतं.

दारातल्या तरुण बाईनं आत येताच गुडघे टेकले. "मिग्वो."

"व्रेन्दो. ऊठ बाई, बस." केसिएना म्हणाली. "नाव?"

"उफुओमा. एकुरेडे गावची सून. परवा शुक्रवारी गावासमोर मला शपथ घ्यायची आहे, की मी तेलात भेसळ केली नाही."

"मग घे की," मुदियागा म्हणाला. "केली नसलीस तर भीती कसली?"

"दादा, ज्या सुनेला शपथेला उभी करतात, तिला गावानं आधीच चोर ठरवलेलं असतं. शपथ नुसता शेवटचा खिळा." तिनं डोक्याचं फडकं घट्ट केलं. "मला शपथ घ्यायची नाही. मला खरं काय ते हवंय."

केसिएनानं वही बाजूला सारली. "सांग."

एकुरेडेजवळ कच्च्या तेलाची एक छोटी विहीर होती. तिथून नदीखालून आठ किलोमीटर पाइप जायचा. तेलात मेण फार. हरमत्तानात नदीचं पाणी गार झालं की मेण पाइपात साचायचं आणि पाइप तुंबायचा. परदेशी औषध घालून कंपनी कसंबसं निभावायची. यंदा उफुओमाच्या नणंदेनं, डॉक्टर ओनाजितेनं, नवा उपाय आणला होता : रबराच्या बियांचं तेल. गावच्या चाळीस बायका बिया वेचायच्या. उफुओमाची सासू इतेजेरे घाण्यावर तेल काढायची, तापवायची, पिंप भरायची. दर आठवड्याला एक पिंप.

"आठ पिंपं गेली. आठ आठवडे पाइप वाहता राहिला. नवव्या पिंपाला तुंबला. आणि नववं पिंप मी भरलं होतं."

"सासूबाई कुठे होत्या?"

"त्यांचा भाऊ वारला. माहेरी गेल्या होत्या. त्यांच्या घराण्यात माती दिल्यावर सात दिवस बाईनं तेलाला हात लावायचा नाही. जाताना म्हणाल्या, 'तेल काढून ठेव, पण मी आल्याशिवाय पिंप देऊ नको.' पण ओनाजितेचा फोन आला, पंप रिकामा पडतोय. मी दिलं."

"थांब असं का म्हणाल्या?"

"नाही सांगितलं."

"पिंपाला वाटेत कुणी हात लावला असेल," मुदियागा म्हणाला. "सरळ आहे."

"नाही ना दादा! तोंडावर ताडाच्या धाग्याची गाठ असते. ती फक्त आमच्या घरच्या बायकांना येते. मी बांधली, आणि पंपघरात पा एदाफेंनी तीच सोडली. हेच तर माझ्या गळ्याशी आलंय. माझ्या हातापासून तिथवर मधे दुसरं कुणीच नाही."

"सासूबाई काय म्हणतात?"

उफुओमा खाली बघत राहिली. "काहीच नाही. आठ वर्षांत त्या मला कधी वाकडं बोलल्या नाहीत. आता सरळही बोलत नाहीत."

केसिएना उठली. "मुदियागा, केळं गाडीत संपव."

*

पंपघराबाहेर पाइपाचा कापून काढलेला तुकडा पडला होता. मुदियागा त्याच्यापाशी वाकला आणि बघतच राहिला.

आत मेण होतं. फिकट पिवळं, थरावर थर. प्रत्येक गार रात्रीचा एक थर. मधोमध बोट जाईल एवढंच भोक उरलेलं.

"मॅडम, हे तर झाडाच्या खोडासारखं दिसतंय. वर्षांची वलयं असतात तसं."

"झाडच आहे ते," मागून आवाज आला. पंप सांभाळणारे पा एदाफे काठी टेकत आले. डोळ्यांत मोतीबिंदूची साय होती. मुदियागाही त्यांच्यापुढे वाकला. "व्रेन्दो, पोरा. माणूस नव्हता तेव्हाचं रान आहे ते. पाण्यात पडलं, चिखलाखाली झोपलं. आपण त्याला उठवून वर आणतो. गार वारा लागला की त्याला आपलं खोडपण आठवतं."

मुदियागानं मेणावरून बोट फिरवलं. देवळात फिरवावं तसं.

"बाबा, नववं पिंप तुम्हीच उघडलं?" केसिएनानं विचारलं.

"मीच. गाठ शाबूत होती. हाताला कळते मला, डोळे कशाला हवेत?"

"तेल वेगळं दिसलं?"

"मला मेलं काय दिसतंय! नळी सोडली, झाकण लावलं. पण त्याआधी जे करायचं ते केलं."

"काय करायचं?"

म्हातारा तिच्याकडे अशा नजरेनं पाहू लागला, जणू तिनं श्वास का घेता असं विचारलं. "पहिला पेला जमिनीला. पूर्वजांना. आधी त्यांचा घोट, मग कंपनीचा. नवं पिंप उघडायचं आणि त्यांना विसरायचं?"

"कुठे ओतता?"

त्यांनी काठीनं भिंतीकडे दाखवलं. कडेच्या फिकट सिमेंटवर ओळीनं नऊ डाग होते. एकेका पिंपाचा एकेक.

केसिएना उकिडवी बसली. आठ डाग गडद होते, लाकडावर रोगण चढावं तसे चकचकीत आणि टणक. नववा फिकट, मधासारखा, बोटाला चिकटणारा. मुंग्यांची एक रांग भिंतीखालून निघाली होती. आठही डागांना वळसा घालून ती नवव्यावर चढली होती.

"झालं की मग!" मुदियागा हळू आवाजात म्हणाला. "नववं खोटं. मुंग्यासुद्धा सांगतायत. बिचारी... म्हणजे, बिचारी कसली, पकडलीच गेली."

"किंवा तो डाग नवा आहे म्हणून ओला आहे."

"आठवा त्याच्याहून आठवड्यानंच जुना. तो दगड झालाय."

"शाबास. हे मात्र बरोबर बोललास." ती अजून मुंग्यांकडेच बघत होती. "मुंग्या साक्ष देतात रे हवालदार. पण प्रश्न कोणता होता, ते त्या सांगत नाहीत."

*

परदेशी औषध विकणारा ब्राइट नावाचा माणूस कंपनीच्या विश्रामगृहातच उतरला होता. सुटाबुटात, घाम पुसत. शुक्रवारी साहेबलोक येणार, आणि आपलं औषध पुन्हा विकत घ्यायला लागणार, अशी त्याला आशा होती.

"माझ्यावर संशय? घ्या. सगळेच घेतात. मी तेव्हा लेगोसला होतो, दहा माणसं सांगतील."

"पाइप तुंबला, तुमचा फायदा झाला."

"झाला. पण एक सांगू, बाई?" त्यानं रुमाल खिशात घातला. "गेल्या वर्षी ऐन थंडीत माझ्या औषधानंही दोनदा मान टाकली होती. ही रानटी बी काय करणार म्हणून मी हसलो. सहाव्या आठवड्यात, सगळ्यात गार पहाटे, मी स्वतः जाऊन पाइपाला कान लावला. आत तेल वाहत होतं. नदी गारठलेली, वर धूळ, आणि आत ते पोराच्या पोटासारखं गुरगुरत होतं. वीस वर्षं हा धंदा करतोय. अंगावर काटा आला. आठ पिंपांत काय होतं ते मला कळलं, तर मी स्वतःच ते विकीन."

"रबराचं तेल होतं."

"असेल. पण दुसरीकडे लोकांनी हेच तेल वापरून पाहिलंय. थोडंफार चालतं. असं नाही चालत."

बाहेर आल्यावर मुदियागा म्हणाला, "गोड बोलतो. चोर असाच असतो."

"चोर असता तर स्पर्धकाची स्तुती करून गळ्यात फास घालून घेतला नसता."

*

डॉक्टर ओनाजितेची प्रयोगशाळा म्हणजे एका कंटेनरची खोली. चाळिशीची, बारीक, सरळ पाठीची बाई. तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या स्पर्धेत तिच्या या तेलाला मान मिळाला होता. भिंतीवर कागद चौकटीत लावला होता : बिया वाळवा, फोडा, गर दाबा, गाळा, मंद आचेवर तापवा. खाली जाड अक्षरांत : यात अन्य काहीही मिसळू नये.

"मेणाचे कण थंडीत एकमेकांचे हात धरतात," ती सांगू लागली, आणि सांगताना तिचा चेहरा मऊ झाला. "फेर धरतात म्हणा ना. फेर मोठा होतो, पाइप अडतो. आपलं तेल त्यांच्यात घुसतं आणि मधे आपला हात देतं. मग फेर जुळतच नाही. कण सुटे सुटे वाहत जातात. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात पाहिलं तेव्हा मी अर्धा तास हललेच नव्हते. आजची झाडं त्या युगायुगांपूर्वीच्या झाडांची समजूत काढतायत, असं वाटलं."

"आणि नववं पिंप?"

चेहरा पुन्हा ताठ झाला. "उफुओमा माझी भावजय आहे. मला आनंद होतोय असं समजू नका. पण मी तपासलंय. विद्यापीठातल्या जुन्या यंत्राची एक खोड होती. माझ्या तेलाच्या आलेखात ते एक जास्तीचा शेंडा दाखवायचं. सर म्हणायचे, यंत्र मळलंय, सोडून दे. इथलं यंत्रही तसंच. आठही पिंपांना तो शेंडा आला. नवव्याला आला नाही. म्हणजे नववं तेल माझं तेलच नव्हतं."

"दोन वेगळ्या यंत्रांना एकच मळ?" केसिएनानं सहज विचारलं.

डॉक्टरनं चौकटीतल्या कागदाकडे पाहिलं.

"पहिल्यांदा विद्यापीठात नेलेलं तेल कुणी काढलं होतं?"

"आईनं. पहिली बाटली हरली. दुसरी जिंकली. आईच्या हातालाच गुण आहे." ती ओझरती हसली. "मी फक्त तिचं बघून लिहून काढलं."

*

गुरुवारी सकाळी इतेजेरेच्या अंगणात दोघं पोचली, तेव्हा म्हातारी पाठमोरी बसून कसलंसं फडकं धूत होती आणि गुणगुणत होती.

"...तेला डोळा लागला,
लाल फळाच्या काळ्या बहिणीनं..."

चाहूल लागताच ती गप्प झाली.

केसिएना जागच्या जागी उभी राहिली. चाळीस वर्षांपूर्वीचा बाजार, ती धूळ, आजीचा खरखरीत गळा. उंबरा ओलांडून आवाज एक पाऊल आत आला होता.

"मिग्वो, आई."

"व्रेन्दो. बसा. उफुओमा, पाहुण्यांना जेवायला आण."

उफुओमानं गरम स्टार्चचा गोळा आणि बांगाचा, म्हणजे ताडफळांचा, रस्सा आणला. मुदियागा देवाचं नाव घेऊन सुरू झाला. वर भाजलेले काजूही आले. अंगणात काजूचं मोठं झाड होतं. लाल बोंडांखाली काळसर बिया लोंबत होत्या.

"वा! काजू काय भाजलेत, आई! टरफलं कुठे टाकू?"

"त्या मडक्यात टाक."

"आमच्याकडे चुलीत घालतात. भडकतात झकास."

"आमच्याकडे मडक्यात टाकतात," म्हातारी कोरडेपणानं म्हणाली.

केसिएना तिच्या हातांकडे बघत होती. दहाही बोटांची टोकं काळी पडलेली, कातडी सोललेली, जुनी, पुन्हा पुन्हा भाजल्यासारखी. शेजारी वाढणाऱ्या उफुओमाचे हात तेलकट होते, पण अख्खे होते.

"हात फार भाजलेत, आई."

"चूल आहे. साठ वर्षांची ओळख आहे आमची."

अंगणापलीकडे नदीकाठावर एक जुनी होडी पालथी पडली होती, काळीभोर. मुदियागानं रस्सा पुसत विचारलं, "कुणाची?"

"माझ्या नवऱ्याची. तीस वर्षं झाली."

"तीस? आमच्याकडे किडे पाच वर्षांत चाळणी करतात!"

"तो नीट माखायचा," म्हातारी म्हणाली. आणि उठून आत गेली.

निघताना केसिएनानं उफुओमाला थांबवलं. "आज एक पेलाभर तेल काढ. कागदावर आहे तस्संच. थेंब इकडे नाही, तिकडे नाही. मुदियागा, तू ते टरफलांचं मडकं घे."

"मडकं? मी? का?"

"कारण सगळ्यात जास्त काजू तू खाल्लेस."

*

शुक्रवारी सकाळी काजूच्या झाडाखाली गाव जमलं. गावचे थोरले बाकावर बसले होते, कंपनीचे दोन साहेब खुर्च्यांवर. ब्राइट, पा एदाफे, डॉक्टर ओनाजिते. बिया वेचणाऱ्या बायका एका बाजूला, घट्ट. उफुओमा एकटी मधे, पांढऱ्या वस्त्रात. इतेजेरे झाडाला टेकून.

हवा गार होती. सूर्य धुळीमागे दिव्यासारखा दिसत होता. मुदियागाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळली होती आणि तो फार दुःखी दिसत होता.

"शपथेआधी मला थोडा वेळ द्या," केसिएना म्हणाली. "पूर्वजांनी आधीच साक्ष दिली आहे. ती तेवढी वाचायची राहिली."

तिनं नऊ डागांची गोष्ट सांगितली. पा एदाफेंनी मान डोलावली. बायकांत कुजबुज झाली.

"ते डाग पाहून आम्हाला वाटलं, आठ खरे, नववा खोटा. आठ सारखे असले की ते खरे, असं आपण धरतोच. पण काल उफुओमानं माझ्या डोळ्यांदेखत कागदाबरहुकूम तेल काढलं. मी ते नवव्या डागाशेजारी ओतलं. डाग तसाच फिकट पडला. मुंग्या तशाच आल्या."

डॉक्टर ओनाजिते पुढे झाली. "म्हणजे?"

"म्हणजे नववं पिंप भेसळीचं नव्हतं. नऊ पिंपांत तुमच्या कागदाप्रमाणे भरलेलं ते एकटंच होतं. भेसळ आधीच्या आठांत होती."



"पण तीच तर चालली!" ब्राइट म्हणाला.

"हो. म्हणूनच कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. पाइप वाहतोय तोवर कोण विचारतं? तुम्हीच म्हणालात, रबराचं तेल असं चालत नाही. दोन यंत्रांनी तोच जास्तीचा शेंडा दाखवला, कारण तो मळ नव्हता. तेलात खरोखरच दुसरं काहीतरी होतं. वाळून रोगण होणारं. मुंग्यांना नकोसं. जी गोष्ट होडीला तीस वर्षं किडा लागू देत नाही. जी गोष्ट हाताळणाऱ्याची बोटं काळी करते."

मुदियागानं चिंधी बांधलेली बोटं वर केली. "आणि फोड आणते. फार फोड."

दोन बायका हसल्या. ताण थोडा सैल झाला.

"मुदियागानं काल टरफलं तापवून त्यांचा रस काढला. काजूच्या टरफलाचा. वाटी नाही भरली, पण चार थेंब पुरले." तिनं टोपलीतून तीन बाटल्या काढल्या. तिन्हींत विहिरीचं कच्चं तेल होतं. कालपासून त्या नदीच्या पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या. "पहिलीत काही नाही."

बाटली तिनं उलटी केली. काळा गोळा बुडाला चिकटून राहिला. थेंब पडला नाही.

"दुसरीत उफुओमाचं तेल. चोख."

उलटी केली. गोळा हलला, घरंगळला, मानेपाशी येऊन अडला.

"तिसरीत तेच तेल, आणि काजूच्या टरफलाचे चार थेंब."

तिसरी बाटली तिनं थोडीशी कलंडवली, आणि तेल धावत सुटलं. काळी, चकचकीत, अखंड धार मातीत उतरली, झाडाच्या मुळांकडे वाहिली.

थोरल्यांपैकी सगळ्यात म्हातारा बाकावरून उठला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. पा एदाफेंना दिसत नव्हतं, पण धारेचा आवाज आला होता. "जागं झालं," ते पुटपुटले. साहेबानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर लाल बोंडं होती, खाली त्यांची काळी बी होती, आणि मातीत युगायुगांपूर्वीचं रान तोंड धुतल्यासारखं चमकत होतं.

केसिएनाचा आवाज खाली आला.

"माझी आजी एक गाणं म्हणायची. तिचं दिव्याचं तेल हरमत्तानात कधी थिजलं नाही. मला एकच ओळ आठवायची. काल या अंगणात दुसरी सापडली. तिचं शेपूट मी रात्रभर शोधलं, पहाटे ते आपणहून आलं.

आला कोरडा गं वारा, तेला डोळा लागला,
लाल फळाच्या काळ्या बहिणीनं उशाशी जागवला."

बायकांमधल्या दोघी-तिघी म्हाताऱ्यांचे ओठ तिच्याबरोबर हलले होते.

"मग नवव्यातच ते का नव्हतं?" साहेबानं विचारलं.

"कारण ज्या हातांना ते ठाऊक होतं, ते हात सात दिवस सुतकात होते. ते हात जाताना सांगून गेले होते, मी आल्याशिवाय पिंप देऊ नको. परत येऊन घालायचं होतं. पण पिंप आधी गेलं. उफुओमाचा गुन्हा एकच. तिनं कागदावर विश्वास ठेवला."

"कोणाचे हात?" थोरल्यांनी विचारलं.

"मी तपास करते, बाबा. नाव घेणं माझं काम नाही." केसिएना खाली बसली. "ज्याचं त्यानं सांगावं."

डॉक्टर ओनाजितेचा चेहरा मातीसारखा झाला होता. ती झाडाकडे वळली.

"आई," ती म्हणाली. "ती दुसरी बाटली. जी जिंकली ती."

इतेजेरेनं झाडावरचा हात काढला. ती हळूहळू चालत अंगणाच्या मधोमध आली. सगळ्यांना वाटलं, लेकीकडे जाईल. ती सुनेसमोर थांबली. आणि सत्तर वर्षांच्या त्या बाईनं, जिच्यापुढे गाव वाकायचं, सुनेपुढे गुडघे टेकले.

"आई, नको! उठा!" उफुओमा घाबरून मागे सरली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. बसू दे मला. उभं राहून हे तोंडातून निघत नाही." तिनं लेकीकडे पाहिलं. "ओना, तू त्या दिवशी हरून आलीस. या झाडाखाली रडत रडत तुझा डोळा लागला. तुझ्या पिशवीत दुसरी बाटली होती. मी तिच्यात चार थेंब घातले. माझ्या आईनं मला दिलेले. तू जिंकलीस, कागद घेऊन आलीस, मला वाचून दाखवलास. अन्य काहीही मिसळू नये. तुझा आवाज किती आनंदात होता! मी म्हटलं, आता सांगितलं तर पोरीचा कागद फाटेल. म्हणून दर पिंपाला मी गुपचूप तुझा कागद खरा करत राहिले."

ओनाजितेनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"आणि ही." म्हातारीनं काळ्या बोटांनी उफुओमाच्या वस्त्राचा काठ धरला. "हिला गाव चोर म्हणत होतं, तेव्हा मी घरातच होते. सगळं ऐकत होते. माझ्यापुढे दोघी होत्या, आणि मी पोटची निवडली. ऐका सगळे, आता मोठ्यानं सांगते. माझ्या सुनेचं तेल चोख होतं. भेसळ मी केली."